जमिनीचा काटा कोणाच्या हातात?



हिंगोलीच्या मोंढ्यात हळद नाहीतर सोयाबीन घेऊन गेलेला माणूस भाव ऐकायच्या आधी काटा बघतो. काटा कोणाचा, वजन कोण करतं, हे लहान पोराला बी कळतं. म्हणून बाजार समितीत मापाडी हा व्यापाऱ्याचा गडी नसतो, त्याला समितीचा परवाना लागतो. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. तरी काटा मारला जातो, ते आपल्याला माहीत आहे. पण निदान नियम आहे, ओरडायला जागा आहे.

आता जमिनीचं बघा. एक कट्टा हळद विकताना जेवढा नियम आहे, तेवढा सुद्धा चार एकर रान जाताना नाही. जमीन ज्याला पाहिजे, त्याचीच माणसं मोजणीला येतात. झाडं तेच मोजतात. जिरायत का बागायत ते तेच लिहितात. भाव सरकार लावतं, आणि घेणारं बी सरकारच, नाहीतर सरकारचं महामंडळ. भाव पटला नाही तर तक्रार घेऊन जायचं ते सुद्धा बहुतेक वेळा त्याच कचेरीत. म्हणजे व्यापारी तोच, मापाडी तोच, आणि तंटा मिटवणारा बी तोच.

माझं म्हणणं सरळ आहे. जमिनीचं, झाडाचं, विहिरीचं आणि वनहक्काचं मोल ठरवणारा माणूस जमीन घेणाऱ्याच्या हाताखालचा नसावा. तो त्याने निवडलेला नसावा, त्याच्या पैशावर अवलंबून नसावा. आणि त्याच्यावर कोणाची तरी नजर असावी, त्यात ग्रामसभेची पहिली. ही मागणी आपण आजवर नीट मांडली नाही. आपण "जमीन देणार नाही" एवढंच म्हणत आलो. ते बरोबरच आहे. पण त्याच्या जोडीला हे बी म्हणायला पाहिजे, ते का ते खाली लिहितो.

आता हे काऊन काढलं?

कारण आपल्या जिल्ह्याच्या दाराशी मोठी कामं उभी आहेत. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग, २०२५ च्या आखणीप्रमाणे ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा. त्या बारा जिल्ह्यांत हिंगोलीचं नाव आहे. २४ जून २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने आखणी आणि भूसंपादन यासाठी २०,७८७ कोटी रुपयांना मंजुरी दिली. औंढा तालुक्यात लायगो नावाची विज्ञानाची प्रयोगशाळा होत आहे. त्याच्या आधी ईसापूर, येलदरी, सिद्धेश्वर ही धरणं झाली. त्या वेळचे म्हातारे आजही सांगतात की कागदावर अंगठा घेतला तेव्हा भाव काय लावला ते कोणी वाचून दाखवलं नाही.

तो काळ १८९४ च्या इंग्रजी कायद्याचा होता. तो कायदा गेला. १ जानेवारी २०१४ पासून नवीन भूसंपादन कायदा आला, २०१३ चा. हा कायदा जुन्यापेक्षा चांगला आहे, हे मी मान्य करतो. जुन्या कायद्यात दिलासा रक्कम १५ टक्के होती, १९८४ नंतर ३० टक्के झाली. नव्यात ती १०० टक्के आहे. पण सगळा हिशेब ज्या आकड्यावर उभा आहे, तो पहिला आकडा कोण लिहितं? तिथंच खरी गोम आहे.

एक रुपया कमी म्हणजे चार रुपये कमी

हिशेब समजून घ्या, अवघड नाही. कायद्याचं कलम २६ म्हणतं की जमिनीचं बाजारमूल्य काढताना दोन आकडे बघा. एक रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार जो दरतक्ता काढतं तो. दुसरा, जवळपासच्या गावात तशाच जमिनीची मागच्या तीन वर्षांत जी खरेदीखतं झाली, त्यातल्या जास्त भावाच्या अर्ध्या खतांची सरासरी. खाजगी कंपनीसाठी किंवा भागीदारीच्या प्रकल्पासाठी जमीन असेल, तर संमतीने ठरलेली रक्कम हा तिसरा आकडा. यातला जो मोठा, तो धरायचा.

मग ग्रामीण भागात त्याला गुणांक लावायचा, १ ते २ च्या मधला, तो राज्य सरकार ठरवतं. मग झाडं, विहीर, घर यांची किंमत मिळवायची. आणि जी बेरीज येईल तेवढीच दिलासा रक्कम वरून द्यायची.

समजा हेक्टरी मूळ भाव ४ लाख धरला आणि गुणांक २ आहे. तर ८ लाख, आणि दिलासा धरून १६ लाख. आता त्याच जमिनीचा मूळ भाव कोणी ३ लाख लिहिला, तर शेवटी १२ लाख हाती येतात. तळाला एक लाखाची खाडाखोड, वर चार लाखाचं नुकसान. झाडाविहिरीला गुणांक नाही, पण दिलासा आहे. म्हणजे दहा हजाराचं झाड लिहायचं राहिलं तर वीस हजार गेले.

गुणांकाची गोष्ट तर निराळीच. २०२१ साली राज्य शासनाने महामार्गांच्या भूसंपादनासाठी हा गुणांक २ वरून १ केला. जमीन तीच, पीक तेच, माती तीच. मंत्रालयात एक कागद निघाला आणि वरच्या उदाहरणातले १६ लाख ८ लाखावर आले. घेणाऱ्याच्या हातात काटा असला की असं होतं.

आपल्या जमिनीला भाव लागतच नाही, त्याचं कारण

आपल्या आदिवासींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही. तो कायदा आपल्या संरक्षणाचा आहे, तो पाहिजेच. त्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी मार खाल्ला आहे. पण त्यामुळे होतं काय, की आपल्या शिवारात खरेदीखतं कमी. जी होतात ती नडीची, लग्नासाठी नाहीतर दवाखान्यासाठी, पडेल भावाने. मग साहेब तीच दोन-तीन खतं काढतो आणि म्हणतो, तुमच्या गावचा भाव हाच आहे.

हे चूक आहे, आणि कायद्याप्रमाणे सुद्धा चूक आहे. कलम २६ (३) वाचा. जिथं दुसऱ्या कायद्यामुळे जमिनीच्या व्यवहारावर बंधन आहे, किंवा खरेदीखतं मिळत नाहीत, आणि त्यामुळे बाजारमूल्य काढता येत नाही, तिथं राज्य सरकारने लगतच्या भागातल्या तशाच जमिनीच्या भावावरून किमान दर ठरवून दिला पाहिजे. आणि त्याच कलमात असं बी आहे की भूसंपादन सुरू करायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांनी त्या भागातले दर चालू बाजारभावाप्रमाणे सुधारून घ्यावेत. आधी. नंतर नाही. नोटीस आली की आपला पहिला प्रश्न हाच पाहिजे, "साहेब, दर कधी सुधारले? कागद दाखवा."

"फॉर्मात तसा रकाना नाही"

आमच्या नात्यातली एक म्हातारी आत्या आहे. तिच्या रानात एका कामासाठी मोजणीवाले आले. कंपनीची पोरं होती, माझ्याच वयाची, हातात मोबाईल आणि छापील फॉर्म. बांधावर मोहाचं जुनं झाड. त्यांनी बुंध्याला टेप लावला, घेर लिहिला आणि पुढं "जळाऊ" असं लिहिलं. आत्या म्हणली, "बाबा, ह्या झाडाखाली म्या दर साली पंधरा दिस फुलं येचते. टोळीचं तेल काढते. ते काऊन नाही लिहिलं?" तो पोरगा वाईट नव्हता. तो म्हणला, "आजी, आमच्या फॉर्मात तसा रकाना नाही."

विहिरीचं तसंच. विहीर चाळीस फूट खोल, बांधलेली, पण सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून यादीत "खड्डा" झाली. विहीर खड्डा झाली म्हणून रान जिरायत झालं. रान जिरायत झालं म्हणून भाव उतरला. एका शब्दाने सगळी उतरंड कोसळली.

मी त्या पोराला दोष देत नाही. त्याला रोजचे इतके गट मोजून द्यायचे असतात, जास्त लिहिलं तर वरचा साहेब विचारतो, कमी लिहिलं तर कोणी विचारत नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. दोष त्या रचनेचा आहे, जिथं पोळी फक्त एकच बाजू देते.

कायद्यात काय आहे? कलम २९ म्हणतं की घर-विहिरीची किंमत काढायला जिल्हाधिकारी लायक इंजिनिअरची मदत घेऊ शकतात, आणि झाडांसाठी शेती, वन, फळबाग यातल्या अनुभवी माणसांची. "घेऊ शकतात." घेतलीच पाहिजे असं नाही. आणि हा अनुभवी माणूस कोणी निवडायचा, त्याचा प्रकल्पाशी संबंध नसावा, त्याचा अहवाल गावाला दाखवावा, यातलं काहीच तिथं नाही. मोहाच्या झाडाखाली चाळीस वर्षं फुलं वेचणारी बाई कायद्याच्या नजरेत अनुभवी नाही. माझ्या मते तिच्याएवढं अनुभवी कोणीच नाही.

शेअरला नियम, शेताला नाही

हे वाचून कोणी म्हणेल, पोरगा फार मोठं मागतो. म्हणून सांगतो की हा नियम आपल्या देशात आहे, फक्त आपल्यासाठी नाही. २०१३ च्याच कंपनी कायद्यात कलम २४७ आहे. कंपनीचे शेअर, मालमत्ता यांचं मोल काढायचं तर नोंदणी झालेला मूल्यांककच पाहिजे. त्याने निःपक्षपाती मोल काढलं पाहिजे. आणि ज्या मालमत्तेत त्याचा स्वतःचा हितसंबंध आहे, आधीच्या तीन वर्षांत किंवा नंतरच्या तीन वर्षांत, तिचं मोल त्याने काढायचं नाही. २०१७ पासून त्याचे वेगळे नियम आहेत, नोंदणी करणारं आणि चुकल्यावर कारवाई करणारं प्राधिकरण आहे.

सगळ्याच मूल्यांककांसाठी एक कायदा असावा म्हणून केंद्र सरकारने समिती नेमली होती. तिने २०२० साली अहवाल आणि विधेयकाचा मसुदा दिला. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही. म्हणजे शेठजीच्या शेअरचं मोल काढणाऱ्यावर तीन वर्षं मागं आणि तीन वर्षं पुढं नजर. आणि आपल्या बापाच्या रानाचं मोल काढणारा आज एका प्रकल्पाचा पगार घेतो, उद्या दुसऱ्या प्रकल्पाचा, त्याला विचारणारं कोणी नाही.

अमेरिकेत हा प्रश्न फार गाजला. तिथं घरासाठी कर्ज देताना बँक घराचं मोल काढायला माणूस लावते. बँक आणि तो माणूस यांच्या मध्ये मोल काढून देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. २००७ साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने अशा एका कंपनीवर, ईअप्रेझआयटीवर, आणि तिच्या मालक कंपनीवर दावा लावला. आरोप असा की वॉशिंग्टन म्युच्युअल नावाच्या मोठ्या बँकेच्या दबावाने ती कंपनी बँकेला पाहिजे तेवढा भाव लिहून देणारीच माणसं कामाला लावत होती. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, ती बँकच बुडाली. दावा २०१२ साली तडजोडीने मिटला. फुगवलेल्या भावावर दिलेली कर्जं फिटली नाहीत आणि लाखो लोकांची घरं गेली. मग २०१० साली तिथं कायदा झाला. मोल काढणाऱ्यावर दबाव आणायला बंदी, आणि मधल्या कंपन्यांनी राज्याकडे नोंदणी करून देखरेखीखाली राहायचं.

तिथं भाव फुगवायचा दबाव होता, इथं भाव दाबायचा. दिसायला उलटं आहे, पण रोग एकच. मोल काढणारा ज्याचं मीठ खातो त्याचं ऐकतो. आणि दोन्हीकडं शेवटी मरतो तो गरीबच.

जंगलाचं मोल दिल्लीत, ग्रामसभा कुठं?

शेतजमिनीचं निदान कोणीतरी टेप लावून मोजतो. जंगलाचं तर आपल्याला कळत बी नाही. वनजमीन एखाद्या प्रकल्पाला दिली की त्या जंगलाचं "निव्वळ वर्तमान मूल्य" भरून घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली त्याचे दर मान्य केले, हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख, जंगल किती दाट आणि कोणत्या प्रकारचं त्याप्रमाणे. नंतर ते वाढवले. हा पैसा कॅम्पा निधीत जातो, त्यासाठी २०१६ चा वेगळा कायदा आहे, आणि खर्च वनखात्याच्या हातून होतो.

त्या मोलात आपल्या सरपणाचं, डिंकाचं, तेंदूपानाचं, गुरं चारण्याचं, देवाच्या जागेचं काय धरलं, ते ग्रामसभेला कोणी विचारलं नाही. जंगल आपण राखलं, मोल त्यांनी काढलं, पैसा बी त्यांच्याकडंच गेला.

भूसंपादन कायद्यात आपल्याला एक धागा आहे, तो सोडू नका. कलम ३ मध्ये जमीनमालक कोण हे सांगताना वनहक्क कायदा २००६ प्रमाणे ज्याला हक्क मिळाला तो बी धरला आहे. आणि कलम ४२ (३) म्हणतं की सामूहिक वनहक्क मंजूर झाले असतील तर त्यांचं पैशात मोल काढून विस्थापितांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे द्यावं. पण हे मोल कसं काढायचं? चराईचं मोल काय? नदीकाठच्या खेकड्याचं, पावसाळ्यातल्या रानभाजीचं काय? याचा तक्ता कोणत्याच कचेरीत नाही. म्हणून तो ग्रामसभेनेच केला पाहिजे, दुसरं कोणी करणार नाही आणि केला तर तो आपल्याला परवडणार नाही. आणि ज्या गावाचे दावे अजून पडून आहेत, त्याला तर या कलमाचा उपयोगच नाही. दावा मंजूर नाही म्हणजे हक्क नाही, हक्क नाही म्हणजे मोल शून्य. म्हणून दावे निकाली निघेपर्यंत मोजणी नको, हे ठासून सांगा. वनहक्क कायद्याच्या कलम ४ (५) प्रमाणे पडताळणी पुरी झाल्याशिवाय वनजमिनीवरून हलवता येत नाही.

एक लक्षात ठेवा. हिंगोली जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा आपल्याला नाही, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या गावाला ग्रामसभेच्या संमतीचा जो जोर आहे तो आपल्याला नाही. पण वनहक्क कायदा सगळीकडं लागू आहे. त्याची ग्रामसभा आपली आहे. तिचा शिक्का आपल्याकडं आहे.

आपल्यातलेच दोन आक्षेप

मीटिंगीत हा विषय काढला की दोन बाजूंनी बोलणं येतं.

काही जुने साथी म्हणतात, "भावाची गोष्ट काढली म्हणजे अर्धी जमीन विकली. जमीन आपली माय आहे, मायचं मोल करतात काय?" या बोलण्याचा मी मान ठेवतो. पण मला वाटतं, भाव कमी आहे म्हणूनच जमीन सोपी वाटते. रस्ता इकडून न्यायचा का तिकडून, हे कागदावर ठरवताना खर्च बघतात. जिथं माणसं गरीब, कागद अपुरे आणि मोल कमी, तिथून रेघ ओढतात. आपल्या रानाचं, जंगलाचं खरं मोल कागदावर आलं, तर रेघ ओढणारा हात एकदा तरी थांबेल. खरं मोल मागणं हे विकायला तयार होणं नाही. ते सुद्धा नाही म्हणण्याचंच एक हत्यार आहे.

दुसरीकडं काही तरुण पोरं म्हणतात, "दादा, भाव चांगला आला तर घेऊन मोकळं व्हावं. शेतीत काय राहिलं?" त्यांना माझं एवढंच म्हणणं की चांगला भाव म्हणजे काय, हे तू कोणाला विचारून ठरवलं? थेट खरेदीत गोड बोलून खरेदीखत करून घेतात. खरेदीखत म्हणजे तुझी राजीखुशी. निवाड्याविरुद्ध जशी दाद मागता येते तशी मग मागता येत नाही. भाव चांगला का वाईट हे तपासायचं तर सही करायच्या आधीच तपासावं लागतं, आणि तपासणारा घेणाऱ्याचा नसावा लागतो. म्हणजे विकायचं म्हणणाऱ्याला बी हीच मागणी लागते.

साहेब लोक आणखी एक म्हणतात, "ग्रामसभेच्या हातात दिलं तर तुम्ही वाटेल तो भाव लावाल." आम्ही आमचा माणूस बसवा असं म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, तुमचा नको, आमचा बी नको. मोंढ्यातला मापाडी जसा समितीचा, तसा हा दोघांचा नसलेला असावा. त्याने सगळ्यांसमोर मोजावं आणि सगळ्यांसमोर वाचावं.

आपल्या मागण्या

१. भूसंपादनाचं मूल्यांकन करणाऱ्यांची यादी जिल्ह्यात जाहीर असावी. कोणत्या गावाला कोण, हे प्रकल्पाने न ठरवता सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकून ठरावं. त्याचे पैसे प्रकल्पाने भरावेत, पण थेट त्याला न देता तिसऱ्या खात्यातून.

२. कंपनी कायद्यातला तीन वर्षांचा नियम इथंही लागू करावा. ज्याने त्या प्रकल्पाचं किंवा त्याच्या ठेकेदाराचं काम केलं, त्याने त्याच प्रकल्पाचं मोल काढू नये.

३. मोजणी आणि मूल्यांकन करणाऱ्या खाजगी सल्लागार कंपन्यांची नोंदणी व्हावी. खोटी यादी केली तर काळ्या यादीत टाकावं, आणि तक्रार कुठं करायची ते गावातल्या फलकावर लिहावं.

४. मूल्यांकनाचा कागद निवाड्याच्या आधी मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावा, गटवार प्रत द्यावी, आणि पटला नाही तर प्रकल्पाच्या खर्चाने दुसरं मूल्यांकन व्हावं.

५. फळ देणाऱ्या रानझाडांना, मोह, चारोळी, तेंदू यांना, वर्षाच्या उत्पन्नावर मोल लावावं, लाकडाच्या घेरावर नाही. त्यासाठी गावातल्या बायांचं म्हणणं लिहून घ्यावं.

६. कलम २६ (३) प्रमाणे किमान दर जाहीर झाल्याशिवाय आणि वनहक्काचे दावे निकाली निघाल्याशिवाय आदिवासी गावात मोजणी सुरू करू नये.

७. भावाची तक्रार ऐकणारा अधिकारी भूसंपादन करणाऱ्या खात्याचा नसावा. राष्ट्रीय महामार्गाच्या १९५६ च्या कायद्यात लवाद केंद्र सरकार नेमतं, म्हणजे जे घेणार तेच. हे बदललं पाहिजे.

मागण्या मंजूर होईपर्यंत आपण काय करायचं

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही.

गावाची वही काढा. गटवार प्रत्येक झाड, विहीर, बोअर, पाईपलाईन, बांध, गोठा लिहा. फोटो काढा, तारीख टाका, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि ग्रामसभेच्या ठरावात ती वही मंजूर करून घ्या. हे काम नोटीस यायच्या आधी करा, नंतर केलं तर म्हणतील पैशासाठी लिहिलं. ई-पीक पाहणी दर हंगामाला करा, विहिरीची नोंद तलाठ्याकडून सातबाऱ्यावर चढवून घ्या. आसपासच्या गावांतली तीन वर्षांची खरेदीखतं दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून काढा. मूल्यांकनाचा अहवाल माहिती अधिकारात मागा.

मोजणीच्या दिवशी घरातला एक पुरुष आणि एक बाई रानात हजर राहा. कोऱ्या किंवा पेन्सिलीने भरलेल्या फॉर्मावर सही नको. यादीत काही राहिलं असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा, "मोहाचं झाड आणि विहीर लिहिलेली नाही, यादी मान्य नाही."

आणि हे नीट वाचा, कारण इथं फार लोकांचं नुकसान झालं आहे. मोबदल्याचा पैसा घ्यायची वेळ आलीच, तर "हरकत राखून रक्कम स्वीकारत आहे" असं लेखी दिल्याशिवाय घेऊ नका. २०१३ च्या कायद्याचं कलम ७७ सांगतं की हरकत न नोंदवता पैसा घेतला तर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. तो अर्ज करायला मुदत बी कमी आहे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर निवाड्यापासून ६ आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यातलं जे आधी संपेल ते. महामार्गाच्या कायद्यात वाट वेगळी आहे, म्हणून नोटिशीवर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते आधी बघा आणि नोटीस घेऊन संघटनेकडं या. एकट्याने जाऊ नका.

साथींनो, मोंढ्यातला काटा बाजार समितीच्या नजरेखाली आला तो कोणी दयेने आणला नाही. कास्तकार ओरडले, भांडले, तेव्हा नियम झाला. जमिनीचा काटा तसाच आपल्याला ओढून घ्यावा लागेल. साखऱ्यापासून सुरुवात करू. येत्या ग्रामसभेत वरच्या सात मागण्यांचा ठराव घ्या, त्याची एक प्रत तहसीलला, एक जिल्हाधिकारी कचेरीला आणि एक कळमनुरीच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला द्या, पोच घ्या, आणि पोचेची झेरॉक्स आपल्याकडं पाठवा. पुढच्या अंकात कोणत्या गावाचा ठराव आला त्याची यादी छापू.

गावाचं मोल गाव सांगेल!
जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!

— एक कार्यकर्ता, साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली